कुस्तीचे डाव खरंच लढाईतून आले का?

नवखा_गडी

दोन वर्षं झाली कुस्ती शिकतोय. आमच्या वस्तादांची एक खोड आहे. डाव शिकवताना त्याला लढाई चिकटवल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. कलाजंग शिकवला तर म्हणाले, "जखमी सोबत्याला रणातून असाच खांद्यावर टाकून आणायचे." ढाक शिकवली तर, "चिलखतातला गडी एकदा पाठीवर पडला की कासव." समोरच्याचं मनगट धरून ओढायला शिकवलं तर, "हा तलवारीचा हात. हा सोडलास तर मेलास." ऐकायला भारी वाटतं, अंगावर काटा येतो.

पण परवा दुहेरी पटाचा सराव चालला होता. डोकं खाली घालून मी समोरच्याच्या दोन्ही पायांत शिरलो आणि तेवढ्यात मनात आलं, याच्या हातात आत्ता तलवार असती तर माझी मान कुठे असती? वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "आधी दोनशे बैठका मार, मग विचार." बैठका मारल्या. प्रश्न तसाच आहे.

तर जाणकारांनी सांगा: कुस्तीचे डाव सैनिकांच्या हातघाईच्या तालमीतून आले, की ही गोष्ट मागाहून कोणीतरी जोडली?

शब्दवेल्हाळ

तुमचे वस्ताद बरोबर आहेत. शब्दच बघा ना. मल्लयुद्ध, बाहुयुद्ध, नियुद्ध. तिन्हींत युद्ध बसलेलं आहे.

आणि पुरावाच हवा असेल तर इजिप्तमध्ये बेनी हसनला जा. चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर कुस्तीच्या जवळजवळ चारशे जोड्या रंगवल्या आहेत. ओळीने बघत गेलं तर एकाच कुस्तीची टप्प्याटप्प्याने काढलेली चित्रं वाटतात. चित्रकाराने हुशारी अशी केली आहे की एक गडी फिकट आणि दुसरा गडद रंगवलाय, म्हणजे कोणाचा हात कोणाच्या पायात अडकलाय ते कळावं. त्याच भिंतीवर खाली काय आहे? किल्ल्याला पडलेला वेढा, धनुर्धारी, भालेवाले. वर तालीम, खाली लढाई. आणखी काय हवं?

मोडका_कान

शब्दवेल्हाळ, शब्दांच्या नादी लागू नका. मल्लयुद्धात युद्ध आहे हे खरं, पण आखाड्यात आपण टाकतो तो डाव, आणि डाव पत्त्यांचाही असतो. पेच पतंगाचाही असतो. भिंतीवर दोन चित्रं वरखाली आहेत म्हणून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असं होत नाही. ती एकमेकांना ओळखत होती, एवढंच म्हणता येईल.

माझं सांगतो. एकवीस वर्षं फौजेत काढली. त्यातली सहा रंगरुटांना विनाशस्त्र लढत शिकवण्यात गेली. त्याआधी कुस्ती खेळलो. नाव घेण्यासारखं काही जिंकलो नाही, कान तेवढे मोडून घेतले. म्हणजे वस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि पुढे स्वतः 'उस्ताद' म्हणवून घेतलं. हे दोन शब्द एकाच घरातले, पण कामं वेगळी आहेत, हे मला एका दुपारी नीट कळलं.

एका तुकडीत तयार पैलवान आला होता. मान बैलासारखी, पट काढायला वीज. त्याच्यासमोर मी मुद्दाम एक काटकुळा पोरगा उभा केला, ज्याने आयुष्यात कुस्ती धरलेली नव्हती. दोघांच्या अंगात पांढऱ्या बनियनी. काटकुळ्याच्या हातात लाल स्केचपेन दिलं आणि पैलवानाला सांगितलं, हा सुरा आहे असं समज. शिट्टी वाजवली. चार सेकंदही लागले नसतील. दुहेरी पट काढला, पोरगं उचललं, पाठीवर आपटलं, वर छाती लावून पक्कं दाबून धरलं. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. पैलवान हसत उठला.

मी म्हटलं, "मागे फिर."

बनियनीवर रेघा. मी मोठ्याने मोजल्या. मानेवर तीन, खांद्याच्या पात्यामध्ये दोन, बरगडीत दोन. सात. शेवटच्या दोन तर ओढलेल्या लांब रेघा होत्या, म्हणजे खाली दाबला गेल्यावर निवांत मारलेल्या. आणि काटकुळा अजून उताणाच. तो तिथूनच म्हणाला, "उस्ताद, मी मारतच होतो, शिट्टी कधी वाजणार?"

आता नवख्या गड्या, तुझा प्रश्न याच बनियनीवर आहे. पैलवानाने काहीच चूक केली नव्हती. पाठ लावली की संपलं, हा नियम त्याच्या अंगात मुरलेला होता आणि त्याने तो चोख पाळला. डाव नियमाच्या पोटी वाढतो. पाठ टेकली की हार, हा नियम असेल तर पाठ टेकवणारे डाव फोफावणार, आणि पोटावर पडून राहणं शहाणपणाचं ठरणार. हत्यारवाल्यासमोर पोटावर पडून राहून बघ.

मग लढाईचं आखाड्यात काहीच नाही का? आहे, पण लोक शोधतात तिथे नाही. मोठ्या देखण्या डावात नाही, खडाखडीत आहे. कुस्तीची पहिली दहा-वीस सेकंदं बघ. मनगट धरायचं, सोडवायचं, कोपर आत घ्यायचं, त्याच्या एका हाताला आपले दोन हात लावायचे, पाय बुडाखालून सुटू द्यायचे नाहीत. प्रेक्षक तोवर कंटाळतात. पण हातात पातं आहे असं मानलं तर सगळी लढत तेवढीच असते. बाकीचं नंतरचं.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, पण ते कुस्ती म्हणून फारसं कोणी वाचत नाही. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. सभासदाच्या बखरीप्रमाणे खानाने भेटताना महाराजांची मुंडी कवटाळून खाकेखाली धरली आणि जमदाड, म्हणजे कट्यार, कुशीत चालवली. ती अंगातल्या चिलखतावर खरखरली. आखाड्याच्या हिशेबाने तेव्हा कोण वरचढ होतं? ज्याच्या खाकेत मुंडी, तो. पण खानाने मुंडी धरली आणि हात सोडले. एका हातात वाघनख होतं, दुसऱ्यात बिचवा. पुढचं सांगायला नको.

मी रंगरुटांना एवढंच सांगायचो: मुंडी नंतर, हात आधी.

दफ्तरातली_वाळवी

मोडका_कान, तुमची बनियन वाचून मला एकदम फिलोपोमेन आठवला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक सेनापती. प्लूटार्कने त्याचं चरित्र लिहिलंय, त्यात आहे हे. तरुणपणी त्याचं अंग कुस्तीला साजेसं, म्हणून मित्र म्हणाले, खेळात पड. त्याने विचारलं, यामुळे सैनिकीला काही बाधा येईल का? त्यांनी खरं सांगितलं: पैलवानाला भरपूर झोप, पोटभर खाणं, ठरलेल्या वेळी मेहनत आणि ठरलेल्या वेळी आराम लागतो, जरा इकडचं तिकडे झालं की घडी विस्कटते. शिपायाला उपाशी आणि जागं राहता आलं पाहिजे. हे ऐकून त्याने स्वतः तर नाद सोडलाच, पुढे सेनापती झाल्यावर शिपायांनाही मनाई केली.

पण याच प्लूटार्कने दुसरीकडे उलट लिहून ठेवलंय. इसवी सनापूर्वी ३७१ मध्ये ल्युक्ट्राला थीब्जवाल्यांनी स्पार्टाला लोळवलं, तर म्हणे आमची माणसं कुस्तीत तयार होती म्हणून अंगाला अंग भिडल्यावर स्पार्टावाले हटले. प्लूटार्क स्वतः त्याच मुलखातला, तेव्हा 'आमची माणसं' हे जरा हात राखून घ्यावं. तरी गंमत बघा: इथे कुस्ती लढाईतून आलेली नाही, लढाईत गेलेली आहे. आधी तालीम, मग रण.

मला वाटतं सगळ्या जगात रस्ता दुहेरी आहे, आणि लोक फक्त एकाच बाजूची वाहतूक मोजतात.

फिओरे देई लिबेरी या इटालियन शस्त्रगुरूची १४०९ च्या सुमाराची सचित्र हस्तलिखितं आहेत. त्यात तो सुरुवातच कुस्तीपासून करतो, मग लगेच खंजीर, मग तलवार, चिलखतातली झुंज, शेवटी घोड्यावरची. कुस्तीसाठी त्याने जो शब्द वापरलाय त्याचा मूळ अर्थ मिठी मारणं. आणि पहिल्यांदाच तो बजावतो की मिठी दोन प्रकारची, एक करमणुकीची आणि एक रागाची, म्हणजे जिवावरची. सहाशे वर्षांपूर्वी, जेव्हा शिकणाऱ्यांना खरोखर खंजिराशी गाठ पडायची, तेव्हासुद्धा हा फरक तोंडाने सांगावा लागत होता. खंजिराच्या भागात पानोपानी काय आहे, तर मनगट, कोपर आणि परत मनगट. मोडका_कान यांचं स्केचपेन तिथे शाईत काढलेलं सापडेल.

जपानात ताकेनोउची परंपरा आपला आरंभ १५३२ चा सांगते. त्यात आखूड पातं आणि अंगझोंबी एकत्रच शिकवत. चिलखतातल्या माणसाला तलवारीने कापणं अवघड, म्हणून त्याला धरायचं, पाडायचं आणि फटीतून आखूड पातं घालायचं. हा सरळसरळ रणातला धडा. मग १८८२ मध्ये कानो जिगोरो येतो. एका देवळात बारा चटयांची जागा, नऊ शिष्य. जुजुत्सूच्या, म्हणजे अशा जुन्या जपानी अंगझोंबीच्या, त्या सगळ्या पसाऱ्यातून त्याने जीवघेणे प्रकार बाजूला काढून ठरावीक हालचालींत बांधून ठेवले, आणि उरलेले पूर्ण ताकदीनिशी खेळायला दिले. तो जुदो. इथे वाहतूक रणाकडून चटईकडे.

तिथून परत उलटी. वासिली ओश्चेपकोव्ह नावाचा रशियन त्याच कानोच्या शाळेत शिकला, १९१३ मध्ये काळा पट्टा मिळवला, मायदेशी जाऊन लाल फौजेला शिकवायला लागला. १९३७ मध्ये त्याला पकडलं, तुरुंगातच मेला. १९३८ मध्ये त्याच्या मेहनतीवर आणि इतरांच्या, म्हणजे स्पिरिदोनोव्ह वगैरेंच्या, कामावर सांबोला सरकारी मान्यता मिळाली. सांबो म्हणजे 'शस्त्राविना स्वसंरक्षण' या रशियन शब्दांचं लघुरूप. चटईवरचं परत बराकीत गेलं आणि पुढे पुन्हा खेळ म्हणून बाहेर आलं.

आणि सगळ्यांत मजेदार ग्रीको-रोमन कुस्ती. नाव ऐकून वाटतं अकिलीसच्या वेळचं. ती घडवली फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात, एक्सब्राया नावाच्या नेपोलियनच्या फौजेतल्या एका माजी शिपायाने. जत्रेत खेळ करायचा. कमरेखाली धरायचं नाही, दुखापत होईल अशी पकड नाही, हे नियम त्याने घातले. म्हणजे कुस्तीच्या या प्रकाराला जन्म देणारा माणूस खरोखरचा सैनिक, आणि त्याने केलं काय, तर लढाई वजा केली.

इराणचं झुरखाने, म्हणजे तिथली जुनी तालीम, मात्र नवखा_गडी यांच्या वस्तादांना आवडेल. तिथली व्यायामाची साधनं बघा: गदेसारखे मुद्गर, ढालीसारख्या जड फळ्या, साखळीचं लोखंडी धनुष्य. व्यायाम झाला की कुस्ती. हत्यारांचं वजन राहिलं, धार गेली.

शब्दवेल्हाळ

डाव पत्त्यांचाही असतो, हे कबूल. हरलो. पण वाळवीबुवा, जिवावरचे डाव काढून टाकल्यावर उरलेला खेळ फौजेच्या काय कामाचा? ओश्चेपकोव्हकडून फौजेने मऊ केलेलं घेतलं कशाला? मूळचं जुजुत्सूच घ्यायचं.

मोडका_कान

हे विचारलंत ते बरं झालं, कारण यात मी स्वतः काही वर्षं चुकलो.

सुरुवातीला मी पण जहाल प्रकार शिकवायचो. डोळ्यात बोटं, गळ्याच्या घाटीवर तळहाताची कड, गुडघ्यावर बूट. रांगेत उभं करून, एक म्हटलं की हात वर, दोन म्हटलं की मार, तीन म्हटलं की मागे. दिसायला झकास. पाहुणे आले की हेच दाखवायचो. पण मार शेवटी हवेतच थांबवावा लागतो ना? सोबत्याचा डोळा कसा काढणार? सहा आठवडे झाले की पोरांना हवेत थांबवण्याची उत्तम सवय लागायची. समोरचा जोर लावून अंगावर आला की सगळं विसरायची आणि एकमेकांच्या बनियनी धरून लोंबकळायची.

त्याच तुकडीतला तो पैलवान, सात रेघावाला, त्याला फक्त एक गोष्ट नवी शिकवावी लागली, हाताकडे लक्ष. बाकी सगळं त्याच्यात आधीच होतं. कोणी अंगावर आलं तर घाबरायचं नाही, दम कसा पुरवायचा, तोल कुठे जातोय हे डोळे मिटूनही कळणं. हे त्याला हजारो वेळा पूर्ण ताकदीने झोंबून मिळालं होतं, आणि ते हजारो वेळा झोंबता आलं कारण डाव मऊ होते. कानोची गोम हीच. दोन आठवड्यांत तो काटकुळ्याचं पेन हातासकट उपटून घ्यायला लागला.

अमेरिकनांनाही हे वळसा घालूनच कळलं. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या कमांडोंना शिकवणारा फेअरबेर्न शांघायच्या पोलिसातून आलेला, जुदोतही काळा पट्टा. त्याचा सांगावा असा की जमिनीवर लोळायला जाऊ नका, दुसरा शत्रू लाथ घालेल. हे अगदी बरोबर. पण १९९५ मध्ये त्यांच्या फौजेतल्या रेंजरांच्या, म्हणजे निवडक पायदळाच्या, दुसऱ्या बटालियनने हातघाईची तालीम नव्याने बसवायला घेतली, तेव्हा छापील पुस्तिकेतले जहाल प्रकार कोणी मन लावून करतच नाही असं दिसलं. शेवटी ब्राझिलियन जुजुत्सू धरलं, म्हणजे जमिनीवरचीच झोंबी. फेअरबेर्नला उलथं टाकलं असं नाही. जमिनीवर रोज पूर्ण जोराने लढता येतं आणि सकाळी पोरगं कामावर हजर असतं, म्हणून. त्या मंडळींत म्हण आहे की हातघाईत जिंकतो तो, ज्याचा जोडीदार बंदूक घेऊन आधी पोचतो. तोवर तग धरायचा. तग धरणं कुस्तीइतकं कोणी शिकवत नाही.

म्हणून वस्तादांच्या गोष्टींना मी खोटं म्हणणार नाही. कलाजंगाने जखमी माणूस उचलता येतो, मी उचलला आहे, सरावातच, पण नव्वद किलोचा होता. फक्त डाव तिथून आला असं छातीठोक कोणी सांगू नये. माणसाला दोन हात, दोन पाय आणि एकच मान. आखाड्यात सापडलेली युक्ती रणात सापडणारच, आणि उलटही.

नवखा_गडी

काका, वाळवीदादा, दोघांचे आभार. एकच राहिलं. मग दुहेरी पट बादच का? आणि तुम्ही म्हणता तसं हाताकडे लक्ष ठेवायचं, तर पट काढायला हात उरतो कुठे?

मोडका_कान

बाद नाही. लांबून, डोकं खाली घालून सूर मारल्यासारखा पट, तो फक्त रिकाम्या हाताच्या माणसाला. हत्यारवाल्याला आधी बांधायचं. त्याचा हत्याराचा हात तुझ्या दोन हातांत घे, मनगट एका हाताने, दंड दुसऱ्याने, आणि तुझी छाती त्याच्या खांद्याला चिकटव. आता त्याचं कोपर तुझ्या पोटाशी अडकलं की पातं तुझ्याकडे वळत नाही. मग तुझा आतला पाय त्याच्या मागे घाल आणि बसव खाली. मनगट जमिनीपर्यंत सोडायचं नाही. पडतानाच सुटतं, तिथेच सगळे मरतात. पट नाही हा, हे टांगेच्या जातीचं आहे, तुझ्या वस्तादांना लगेच कळेल.

वाचून येणार नाही. स्केचपेन घे. धुतल्यावर जाणारं घे, माझ्या पोरांच्या बनियनी वाया गेल्या होत्या.

नवखा_गडी

केलं. वस्ताद यायच्या आधी अर्धा तास आम्ही दोघं गेलो. मित्राच्या हातात पेन. पहिल्यांदा सवयीने पट काढला: पाच रेघा, त्यातली एक थेट कानामागे. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे हात धरून गेलो. दोन वेळा मनगट घामाने निसटलं, दोन्ही वेळा बरगडीत. पाचव्या खेपेला जमलं असं वाटलं, तो बसला खाली, मनगट माझ्या हातात, आणि मी खूश होऊन मान वर केली तर त्याने पेन दुसऱ्या हातात घेतलं होतं. गळ्यावर एक.

वस्ताद मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. माझी बनियन बघितली, काही बोलले नाहीत. मला वाटलं, आल्या दोनशे बैठका. त्यांनी मित्राच्या हातातून पेन घेतलं, टोपण दाताने काढलं आणि म्हणाले, "ये."

तेव्हापासून तीनदा अंघोळ झाली, मानेवरचं जात नाहीये. काका, धुतल्यावर जाणारं पेन कोणतं ते सांगा.